साडेपाच इंच

कुणीही यावं आणि आमच्या ह्यांच्या कमरेवर बोलून जावं, असं गेली अकरा वर्षं चाललंय. जिन्यात भेटणारे बोलतात, दूध टाकणारा बोलतो, बँकेच्या रांगेत मागे उभा असलेला परका माणूससुद्धा बोलतो. "जमिनीवर झोपा." "जमिनीवर अजिबात झोपू नका." "गरम शेका." "बर्फ लावा." "भरपूर चाला." "चालणं आधी बंद करा." एकाने उलटं चालायला सांगितलं. हे, म्हणजे माझा नवरा, वय चोपन्न, उंची पाच फूट अकरा, शिलाईच्या कारखान्यातले कटिंग मास्तर, आठ दिवस सकाळी मैदानात उलटे चालले. मी त्यांच्याकडे तोंड करून चालत होते, मागे खड्डा आला तर सांगायला. नवव्या दिवशी ते झोपलेल्या कुत्र्यावर पडले आणि तो उपाय संपला. कुत्र्याचं मी सांगितलं नाही म्हणून घरी माझ्यावरच आलं.

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. उगाच शेवटी कुणी म्हणायला नको, की बाई गोड वाटली होती.

आमचा कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. एका भिंतीला चौदा मशीनं, चौदा बायका. दवाखान्याचे डगले, हॉटेलातल्या वाढप्यांचे कोट, पहारेकऱ्यांचे शर्ट, असा आमचा माल. एका टोकाला ह्यांचं कटिंगचं टेबल आणि दुसऱ्या टोकाला मी. हे कापतात, बायका शिवतात, काजं आणि बटणं माझी. शिवायची बटणं मशीनवर, पण डगल्यांची दाबून लागणारी टिचबटणं हाताने ठोकावी लागतात. खाली लाकडी ठोकळा, त्यावर कापड, वर खिळा धरायचा आणि हातोडीचा एक घाव. दिवसाला सातशे-आठशे घाव. माझा ठोकळा बावीस वर्षं तोच आहे. लग्नानंतर मी कामाला लागले तेव्हा थोरल्या मास्तरांनी काढून दिला होता. "सूनबाई, हा घे. पक्कं लाकूड आहे, तुला पुरून उरेल."

थोरले मास्तर म्हणजे ह्यांचे गुरू. बुटके, जेमतेम पाच फूट, आणि तोंडाने फटकळ. ह्यांना कात्री धरायला त्यांनी शिकवलं. ते गेल्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून टेबल ह्यांचं.

कटिंग म्हणजे लोकांना वाटतं, कात्री घेतली की झालं. अहो, कापडाचे चाळीस-चाळीस थर एकावर एक अंथरायचे, एक सुरकुती राहता कामा नये. वर पुठ्ठ्याचे फर्मे मांडायचे, खडूने आखायचं आणि मग ते पात्याचं मशीन रेघेवरून न्यायचं. एक चूक झाली की चाळीस डगले गेले. हे काम उभ्याने, टेबलावर ओणवं होऊन, दिवसाचे नऊ तास. ह्यांची नजर अशी की पाव इंचाचा फरक दारातून दिसतो. घरी पडदा लावला तर म्हणणार, "डावीकडे थोडा उतरलाय." मी टेप लावून बघते तर खरंच उतरलेला असतो. असा राग येतो!

आणि इतक्या काटेकोर मापाच्या ह्या माणसाला डॉक्टर विचारतात, "एक ते दहामध्ये दुखणं किती?" तर हे सांगतात, "तीन."

कुठलाही डॉक्टर असो, कुठलंही वर्ष असो, उत्तर तीन. पलंगावरून उठताना आधी कुशीवर होतात, मग हात टेकतात, मग पाय खाली, मग दोन मिनिटं भिंतीकडे बघत बसतात. तीन. मोजे मी घालते. तीन. एकदा शिंक आली तर दाराची चौकट धरून राहिले, चेहरा पांढराफटक. मी धावत गेले. "काय झालं?" "काही नाही." मी विचारलं, "अहो, किती दुखतंय?" तर म्हणे, "तीन." त्या दिवशी माझ्या हातात लाटणं होतं. काही केलं नाही, एवढंच.

अकरा वर्षांत काय नाही केलं? पट्टा झाला. पट्टा विकत आणला, मग हे म्हणाले शिलाई कच्ची आहे, म्हणून स्वतः दुसरा कापला आणि माझ्याकडून शिवून घेतला. हाडवैद्य झाला, त्याने पाय धरून असा झटका दिला की चार दिवस हे सरळ रेषेत झोपून होते. सुया टोचून झाल्या. विजेचे शेक झाले. कमरेत इंजेक्शन झालं, दोन महिने बरं वाटलं आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. गोळ्यांनी पोट बिघडलं, मग पोटाच्या गोळ्या. आमच्या कपाटातल्या औषधांच्या खणाला मी आता कुलूप लावत नाही, कारण चोर आला तर निदान तेवढं तरी घेऊन जाईल.

माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण, एकच धोशा लावून बसलेली. "वहिनी, ऑपरेशन करून टाका. आमच्या शेजारच्यांनी केलं, आता पळतात." मी म्हटलं, "वन्सं, कुणाच्या मागे पळतात?" त्या रुसल्या. रुसू देत. त्यांच्या शेजाऱ्यांचं काय ऑपरेशन झालं विचारलं तर म्हणे गुडघ्याचं. कपाळावर हात मारून घेतला मी.

पण मागच्या महिन्यात हे कापता कापता टेबलावर आडवे झाले. पडले नाहीत, आडवे झाले. चाळीस थरांवर गाल टेकून, हातात खडू तसाच. चौदा मशीनं एकदम थांबली. मी पोचेपर्यंत हे उठून उभे होते आणि सगळ्यांना सांगत होते, "काही नाही, थर बघत होतो."

तेव्हा आम्ही मोठ्या दवाखान्यात, मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. सोमवार होता. बाहेर एका शिकाऊ डॉक्टरने पायावर छोटी हातोडी मारून बघितली, अंगठा वर करायला लावला आणि तो प्रश्न विचारला. "तीन." त्याने लिहून घेतलं. आत मोठ्या डॉक्टरांनी कमरेची फिल्म उजेडात लावली. ते फिल्मशीच बोलत होते.

"खालच्या दोन गाद्या झिजल्यात. मणके स्क्रू घालून जोडून टाकू."

 मीच विचारलं, "मग ह्यांना वाकता येईल?"

"वाकायचं कशाला?"

"ह्यांचं कामच ते आहे. कटिंग मास्तर आहेत."

"दुसरं काही बघा. बसून करण्यासारखं."

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. चोपन्नाव्या वर्षी दुसरं काही बघा! जणू दुकानात उभे आहोत आणि ह्या रंगात नाही तर त्या रंगात दाखवा म्हणतोय. मी विचारलं, "दुखणं नक्की जाईल?" माणूस खोटं बोलला नाही, तेवढं मान्य करते. म्हणाला, "बऱ्याच जणांचं कमी होतं. सगळ्यांचं होतंच असं नाही. घाई नाहीये, पायांत ताकद आहे. पण असंच सहन करत राहणार का, ते तुम्ही ठरवा." पुढच्या बुधवारची तारीख त्यांनी धरून ठेवली आणि एक फॉर्म पुढे सरकवला. शनिवारी चारपर्यंत सही करून द्या, नाहीतर तारीख दुसऱ्याला जाईल.

ह्यांनी तिथल्या तिथे सही केली. वाचलंसुद्धा नाही. "एकदाचं होऊन जाऊ दे."

खाली दुसरा रकाना होता. जवळच्या नातेवाइकाची सही. म्हणजे मी.

मालकांना सांगितलं तर ते फारच प्रेमळ झाले. तेव्हाच मला संशय आला. "मास्तरांनी निवांत बरं व्हावं. तसंही आपण माल बाहेरून कापून आणायचा विचार करतोच आहोत. कॉम्प्युटरवर कापतात हल्ली." हे ऐकून ह्यांनी मान हलवली आणि टेबलाकडे जाऊन खडूला टोक काढत बसले. काढतच बसले. अर्धा खडू संपला. तेव्हा मला कळलं की बुधवारी ह्यांची नुसती कंबर कापली जाणार नाही. हा माणूस टेबलावरून उठला की परत तिथे उभा राहणार नाही, आणि ते ह्यांनाही ठाऊक आहे. तरी सही केली. म्हणजे दुखणं तेवढं असणार. पण तेवढं म्हणजे केवढं? मी सही कशावर करायची, तीनवर?

घरी विचारलं. "अहो, खरं सांगा. मला सही करायचीय." तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. फॉर्म मी पिठाच्या डब्याखाली ठेवला आणि तीन दिवस त्या डब्याशी भांडले.

गुरुवारी दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईकडे जायचं होतं. ऑपरेशननंतर पलंगावरून कसं उठायचं ते ती शिकवणार होती. माझी मुलगी शोभेल एवढी पोर, केस वर बांधलेले, पायात कॅनव्हासचे बूट. तिनेही विचारलं, "एक ते दहामध्ये किती?"

"तीन."

"बरं. बूट काढून पलंगावर या."

हे उभेच. मी सवयीने खाली वाकले, तर तिने मला हाताने थांबवलं. "तुम्ही नाही. त्यांना काढू द्या." ती घड्याळाकडेही न बघता उभी राहिली. ह्यांनी भिंत धरली, एक पाय दुसऱ्याच्या टाचेवर रेटला, घाम फुटला, बूट काही निघेना. तिने वहीत लिहिलेलं खोडलं आणि जागा कोरी ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही काम कसं करता ते दाखवा मला. हे टेबल समजा."

ह्यांनी तिच्या टेबलावर ओणवं होऊन दाखवलं. तिने विचारलं, "तुमचं टेबल एवढंच उंच आहे?"

"नाही. आमचं बत्तीस इंच." विचारल्याबरोबर आकडा तोंडात तयार.

तिने ह्यांना सरळ उभं केलं, कोपर वाकवायला लावलं, जमिनीपासून टेप लावला. मग माझ्याकडे वळली. "पाच-सहा इंच तरी वर हवं. इतकी वर्षं हे दुसऱ्याच कुणाच्या तरी टेबलावर काम करताहेत. गाद्या झिजल्यात त्या झिजल्यात, त्या काही मी परत आणू शकत नाही. पण टेबल तेच ठेवून कुठलाही उपाय केला तरी त्याचा काय उपयोग?"

अकरा वर्षांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. कुणी म्हणजे कुणीच नाही, आणि त्यात मीही आले. मला डॉक्टरांचा राग आला, मालकांचा आला, वन्संचा उगाचच आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून बावीस वर्षं हा उंच माणूस त्या बसक्या टेबलावर घडी झालेला बघत होते. मला वाटायचं, कटिंग असंच करतात.

शुक्रवारी सकाळी कारखान्यात गेल्या गेल्या मी टेप घेऊन टेबलाखाली शिरले. बत्तीस. बरोबर बत्तीस. पायाचा खालचा भाग हाताने चाचपला तर तो वेगळाच लागला. टेबलाचे पाय चांगले घडवलेले, आठ पैलू, हिरवा रंग. पण खाली एकदम सपाट. करवतीच्या रेघा अजून दिसत होत्या. चारही पाय कुणीतरी कापलेले.

मी तशीच बाहेर आले, आपल्या जागेवर बसले, डगला घेतला, खिळा धरला आणि हातोडी वर नेली. ती वरच राहिली.

माझ्या ठोकळ्याला आठ पैलू होते. एका बाजूला हिरवा रंग, घावांनी उडालेला, पण हिरवाच. मी त्याला टेप लावला. साडेपाच इंच.

दुसरा ठोकळा दार उघडं राहावं म्हणून दाराला लावलेला होता. तिसरा इस्त्रीच्या टेबलाच्या मोडक्या पायाखाली. चौथा पाण्याच्या पिंपाखाली, भिजून काळा झालेला. बावीस वर्षं मी ह्यांच्या टेबलाच्या पायावर बटणं ठोकत होते. दिवसाला सातशे-आठशे घाव. ओरडावंसं वाटलं मला. रडूच आलं, पण रागाचं.

संध्याकाळी घरी आल्यावर मी ठोकळा ह्यांच्यासमोर आपटला. "हे काय आहे?"

त्यांनी एकदा बघितलं. ओळखायला क्षणही लागला नाही. "टेबलाचा पाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं गं."

माहीत होतं गं! मी म्हटलं, आता हा माणूस माझ्या हातून वाचत नाही. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेजारचा रेडिओ बंद झाला, ऐकायला म्हणून. माझा श्वास संपला तेव्हा हे बोलले. अकरा वर्षांत एका दमात एवढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

"थोरले मास्तर नोकरीला लागले त्याच दिवशी त्यांनी सुताराला बोलावलं आणि पाय कापून घेतले. त्यांच्या हातांना टेबल उंच पडायचं. मी मोठा झालो, त्यांच्या हाताखाली कापायला लागलो, तेव्हा एकदा त्यांना म्हटलं होतं, मास्तर, मला खाली पडतंय. ते म्हणाले, 'माझ्यानंतर वाढव. ठोकळे ठेवलेत.' मग ते गेले. दुसऱ्या दिवशी मी टेबलापुढे उभा राहिलो. त्यांचा खडू तसाच पडला होता. मी तेव्हाच ठोकळे लावले असते तर काय दिसलं असतं? की हा वाटच बघत होता. म्हटलं, महिना जाऊ दे. महिना गेला. मग वर्ष जाऊ दे म्हटलं. मग वाटलं, आता इतक्या दिवसांनी लावले तर लोक विचारतील, आजच काय झालं? मग कंबर धरली. आणि कंबर धरल्यावर कुणाला कसं सांगणार, की उपाय दाराला लावलेला आहे?"

 ह्यांचा राग करावा तर तो बुटका म्हातारा डोळ्यांपुढे येत होता. त्याने पहिल्याच दिवशी टेबल आपल्या मापाचं करून घेतलं होतं. कुणाची पर्वा केली नाही, आणि शेवटपर्यंत ताठ चालला. त्याच्यापाशी शिकून ह्या माणसाने तेवढं सोडून सगळं घेतलं. शेवटी मी एवढंच म्हटलं, "त्यांनी वाढव म्हणून सांगितलं होतं ना? मग त्यांचं ऐकलं कुठे तुम्ही?"

 हे ठोकळ्यावरच्या माझ्या घावांवरून बोट फिरवत बसले.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत हे हात धुवायला गेले. मी चौदा जणींना उठवलं. "डबे नंतर. आधी इकडे या." दाराचा ठोकळा काढला, दार धाडकन लागलं. पिंपाखालचा काढला, पिंप कलंडलं, पाणी सगळीकडे. इस्त्रीचं टेबल एका बाजूला झुकलं. मालक काचेच्या खोलीतून बाहेर आले. "अहो, हे काय चाललंय? सोमवारी माल द्यायचाय!"

"मग सोमवारी देऊ. दोन मिनिटं टेबलाचा कोपरा धरता का?"

त्यांनी धरला. का धरला, देव जाणे. माझा चेहरा बघून धरला असेल. चारी कोपऱ्यांना तिघी-चौघी, एक-दोन-तीन म्हणून टेबल उचललं आणि मी खालून एकेक ठोकळा सरकवला. पैलूला पैलू लावून, हिरव्याला हिरवा. अडतीसला अर्धा इंच कमी. थोडं डुगडुगत होतं, सुताराच्या लोखंडी पट्ट्या लागणार होत्या. पण उभं राहिलं.

हे रुमालाला हात पुसत आले आणि दारातच थांबले. पाव इंच दिसणाऱ्या माणसाला साडेपाच इंच दिसायला किती वेळ लागणार? चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ओरडणार. ओरडले असते तर बरं झालं असतं, अकरा वर्षं मी त्याचीच वाट बघत होते. ते टेबलापाशी आले. खडू उचलला, फर्मा मांडला, आखायला हात पुढे केला. वाकायच्या सवयीने मान खाली गेली आणि टेबल आधीच हाताशी आलेलं. तेव्हा ते हळूहळू, एकेक मणका मोजत असल्यासारखे, सरळ झाले. मी समोर उभी होते. त्यांच्याकडे बघायला मला मान वर करावी लागली. इतक्या उंच माणसाशी मी लग्न केलं होतं, हे मी विसरूनच गेले होते.

चार वाजता दवाखान्यात. फॉर्म माझ्या पिशवीत. मोठे डॉक्टर घाईत होते. "सही आणलीत?"

"नाही," मी म्हटलं. "आधी कागदावर काय लिहिलंय ते वाचा. दुखणं किती लिहिलंय?"

त्यांनी कागद उलटले. "तीन."

"तीनवाल्याची पाठ उघडायला निघाला होतात? वाचलं होतं का कुणी? नाहीतर मग तीन चुकीचं असेल. पण दोन्ही बरोबर नाही होऊ शकत."

माझा आवाज चढला होता, बाहेरच्या बाकावरचे लोक आत बघायला लागले. डॉक्टर ह्यांच्याकडे वळले. वळून बघितलं त्यांनी, प्रथमच. "मास्तर, किती दुखतं?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मग खाली बघितलं.

"आठ."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं."

मला वाटलं होतं, खरं ऐकल्यावर मला बरं वाटेल. छे. शेजारी झोपलेला माणूस रोज आठ घेऊन उठतो आणि मला तीन देतो, हे ऐकून कुणाला बरं वाटेल? डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याचाही राग आला. मी म्हटलं, "तुमच्याकडचं माप चुकलंय, डॉक्टर. परत घ्या. पहिल्यापासून."

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. "शर्ट काढा," म्हणाले. आणि त्या माणसाने प्रथमच ह्यांच्या पाठीला हात लावला. वरपासून खालपर्यंत, दाबून, विचारून. वीस मिनिटं. टेबलाचं सगळं सांगितलं तर हसले नाहीत. तीन महिने थांबू म्हणाले. रोज व्यायाम, त्या कॅनव्हासच्या बूटवाल्या पोरीकडे, आणि उंच टेबल. पायातली ताकद कमी झाली, किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर एक दिवसही न थांबता यायचं. आणि तीन महिन्यांनी आठचा आठच राहिला तर ऑपरेशनचा विचार पुन्हा करू, पण तेव्हा आकडा खरा असेल. बुधवारची तारीख त्यांनी खोडली.

बाहेर बाकावर बसलो. ह्यांनी माझ्याकडून फॉर्म मागून घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सुताराला द्यायचं माप काढायला लागले. ठोकळा, पट्टी, स्क्रूची जागा, सगळं रेखीव. खाली लिहिलं, ठोकळे चार, साडेपाच इंच.

"पाच लिहा," मी म्हटलं.

"पाच कशाला? पाय चार आहेत."

"माझा टेबलाखाली गेला ना! आता बटणं काय तुमच्या डोक्यावर ठोकू?"

हे हसले. खरोखरच मोठ्याने हसले, आणि हसता हसता हात कमरेवर गेला, चेहरा वेडावाकडा झाला. मी काही विचारलं नव्हतं.

"आठ," हे म्हणाले.